भ्यालेल्या जिवाशी वागताना

गेल्या वर्षी दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. नांदेडला घरी संध्याकाळचा चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात लातूरहून नातवाचा फोन आला. आवाज दबका. "आबा, उद्या याल का? ते पुन्हा चावलंय. या टायमाला आईला चावलंय. आई म्हणायलीय, एक तर ते घरात राहील, नाही तर मी."

'ते' म्हणजे अजगराचं पिल्लू. हे प्रकरण आमच्या घरात कसं आलं, ते आधी सांगायला हवं. जावयांच्या एका मित्राला नोकरीनिमित्त परदेशी जायचं होतं. त्याच्याजवळ दीड-पावणेदोन फुटांचं, करंगळीपेक्षा थोडं जाड असं 'बॉल पायथन' जातीचं पिल्लू होतं. ही जात आपल्याकडची नव्हे. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या देशांतली. भीती वाटली की हा साप डोकं आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो, म्हणून त्याला हे नाव पडलं. आमचा नातू तेरा वर्षांचा, आठवीत. साप, पाली, सरडे यांच्या पुस्तकांत बुडालेला. मित्राने विचारलं, जावई संकोचाने 'हो' म्हणाले आणि काचेची पेटी लातूरच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. पकडली. लोहा, अहमदपूर, चाकूर. हा रस्ता मला पाठ आहे. बँकेच्या नोकरीत या रस्त्याने किती फेऱ्या केल्या असतील, हिशेब नाही. पण त्या दिवशी खिडकीतून दिसणाऱ्या तुरीच्या शेतांकडे माझं लक्ष नव्हतं. मला आठवत होती १९८६ सालची एक दुपार आणि किनवट तालुक्यातला एक मेलेला अजगर.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, बँकेत फील्ड ऑफिसर. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेखाली शेळ्या-म्हशींसाठी कर्जं वाटायचो. जनावराचा विमा उतरवायचा, त्याच्या कानात पितळी बिल्ला मारायचा आणि जनावर मेलं तर तो बिल्ला दाखवल्याशिवाय भरपाई नाही, असा नियम. एक दिवस जंगलालगतच्या वस्तीवरचा एक शेतमजूर धापा टाकत आला. म्हणाला, "साहेब, शेळी अजगरानं गिळली." मी टेबलावरचे कागद चाळत, मान वर न करता म्हणालो, "बिल्ला आणा. बिल्ल्याशिवाय क्लेम होत नाही."

दुसऱ्या दिवशी तो बिल्ला घेऊन आला. धुऊन, पुसून, फडक्यात बांधून. तो कुठून आणला, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. दोन दिवसांनी पाहणीसाठी वस्तीवर गेलो, तेव्हा ओढ्याकाठी ते धूड उभं चिरलेलं पडलं होतं. शेळी गिळून जड झालेला अजगर हलू शकत नव्हता. दहा-बारा माणसांनी त्याला काठ्यांनी मारला होता. त्या माणसाचा मला राग आला नाही, आजही येत नाही. त्याची शेळी गेली होती आणि डोक्यावर कर्ज होतं. पण 'बिल्ला आणा' हे दोन शब्द माझे होते. क्लेम मंजूर झाला. फाईल बंद झाली. माझ्यापुरती ती अजून उघडीच आहे.

असो. लातूरला पोचलो. मुलीने मनगट दाखवलं. सुईने टोचल्यासारखे बारीक लाल ठिपके, अर्धवर्तुळात. डॉक्टरांनी जखम धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं. बॉल पायथन बिनविषारी असतो, तेव्हा जिवाला धोका नव्हता. पण माणूस दचकतो तो विषामुळे नव्हे, अचानकपणामुळे. शेजारचे एक गृहस्थ सल्ला देऊन गेले होते, "मांजरा नदीच्या काठाला नेऊन सोडा. सुटेल बिचारं आणि सुटाल तुम्हीपण." नातू कोपऱ्यात बसून होता. त्याने मला एकच प्रश्न विचारला, "आबा, ते आमच्यावर रागावलंय का?"

मी आधी बँकवाल्याला शोभेल असं काम केलं. कागदपत्रं मागितली. माणसाच्या खात्याला के.वाय.सी. लागते, तशी आता अशा परदेशी प्राण्यांनाही लागते. २०२२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्रजातींची नोंदणी केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. प्राणी एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं. मित्राने स्वतःची नोंदणी केली होती, पण हस्तांतराचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. जावयांना बसवून तो अर्ज त्याच रात्री भरायला लावला. आणि इथेच वाचकांना एक गोष्ट ठळकपणे सांगून ठेवतो. आपल्याकडचा, म्हणजे भारतीय अजगर घरात पाळता येत नाही. तो कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याला पकडणं, बाळगणं, मारणं हा तीन ते सात वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. शेतात सापडलेलं पिल्लू 'हौस म्हणून' घरी आणायचं नाही.

नदीकाठी सोडण्याचा सल्लाही मी मोडीत काढला. आफ्रिकेतलं, पेटीत वाढलेलं पिल्लू मराठवाड्याच्या थंडीत आणि उन्हाळ्यात टिकलं नसतं, आणि टिकलं असतं तर ते अधिक वाईट. अमेरिकेतल्या फ्लोरिडात लोकांनी पाळलेले ब्रह्मदेशी अजगर असेच सुटले, सोडले गेले. त्यांची प्रजा एव्हरग्लेड्सच्या दलदलीत इतकी वाढली की तिथले ससे, रॅकूनसारखे प्राणी दिसेनासे झाले. अखेर २०१२ साली अमेरिकेला या सापांच्या आयातीवर बंदी घालावी लागली. दया म्हणून सोडलेला प्राणी दुसऱ्या शंभर प्राण्यांच्या मुळावर येऊ शकतो.

मग राहिला मूळ प्रश्न. पिल्लू चावतं का? लातुरातल्या एका अनुभवी सर्पमित्राला बोलावलं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. तो पेटीकडे न जाता आधी नातवाजवळ बसला आणि म्हणाला, "कधी कधी चावलं ते सांग. अगदी खरं सांग." बँकेत इन्स्पेक्शनला आलेला अधिकारी जसा जुन्या नोंदी काढायला लावतो, तसं त्याने एकेक चाव्याची नोंद काढली.

पहिला चावा पिल्लू आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. वर्गातले सहा मित्र बघायला आले होते. नातवाने पेटीत वरून हात घातला आणि थेट मानेजवळ पकडायला गेला. सर्पमित्र म्हणाला, "लहान सापाला वरून काय येतं? घार येते, घुबड येतं, मुंगूस झडप घालतं. वरून येणारा हात म्हणजे मरण, एवढंच त्याला ठाऊक." नव्या घरी आलेल्या सापाला पहिला आठवडा हातच लावायचा नसतो. पाणी बदलायचं, बाकी त्याच्याकडे बघायचंही कमी. दोन-तीन वेळा त्याने नीट खाल्लं की मग हातात घेण्याचा विचार करायचा.

दुसरा चावा सहाव्या दिवशी. त्या दिवशी पिल्लाला खाऊ घातला होता. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात मऊ करून नातवाने बोटांनीच शेपटीला धरून दिला. पिल्लाने तो घेतला. थोड्या वेळाने नातवाने त्याच हाताने पाण्याची वाटी उचलायला घेतली, तर पिल्लाने अंगठा पकडला आणि सोडेना. उलट विळखा घालू लागलं. नातवाने घाबरून हात ओढला आणि रक्त आलं. इथे राग नव्हता, भूक होती. अजगराच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. उबदार आणि उंदराचा वास येणारी वस्तू म्हणजे भक्ष्य, हा त्याचा साधा हिशेब.

तिसरा चावा मुलीला. तेव्हा पिल्लाचे डोळे निळसर, दुधाळ झाले होते आणि अंग फिकट पडलं होतं. मुलीला वाटलं आजारी आहे, म्हणून तिने मायेने वाटी सरकवून जवळ केली. साप कात टाकण्याआधी काही दिवस असा होतो. डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्याखाली द्रव साठतो, त्यामुळे त्याला नीट दिसत नाही. अंधारात चाचपडणाऱ्या माणसाला कुणी अचानक स्पर्श केला तर तोही हात उगारतो.

तीन चावे, तीन कारणं; आणि तिन्ही आमचीच. नातवाच्या प्रश्नाचं उत्तर सर्पमित्राने दिलं, "रागावलेलं नाही रे. भ्यालंय. साप डूख धरतो हे सिनेमात. याला कालचा चावासुद्धा आठवत नसेल. आठवते ती सवय. आपण सवय बदलायची."

दुसऱ्या दिवसापासून ते काम सुरू झालं. पेटी टीव्हीजवळून उचलून नातवाच्या खोलीत, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, भिंतीला लागून ठेवली. तीन बाजूंनी कागद लावला. सापाला मोठी मोकळी जागा म्हणजे चैन असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पिल्लाला हवी असते अंगाला चहूकडून टेकेल अशी अडचणीची जागा. मुलीने अडगळीतली दोन छोटी मडकी काढली, त्यांच्या काठाला खाच पाडली, धार घासून बोथट केली आणि पेटीच्या दोन टोकांना उपडी ठेवली. एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला. उबदार बाजूला साधारण तीस-बत्तीस अंश, थंड बाजूला पंचवीस-सव्वीस. आणि तापमान राखणारा थर्मोस्टॅट हवाच, नाही तर गरम पट्टीवर साप भाजतो आणि त्याला ते लवकर कळतही नाही. वीज गेली तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायची. खाली कोकोपीट, थोडं ओलसर. लातूरच्या कोरड्या हवेत कात तुकड्या-तुकड्यांनी निघते, ती ओलाव्यामुळे अखंड उतरते. पिल्लाने चौथ्या दिवशी एकसंध कात टाकली. नातवाने ती वहीत जपून ठेवली आहे.

कात टाकल्यावर आठवडाभर थांबलो. मधे एकदा खाऊ घातला; पण आता लांब चिमट्याने, आणि उंदीर सापाच्या अंगाच्या जाडीपेक्षा मोठा नाही. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. लावला तर साप खाल्लेलं उलटून टाकतो. मग हाताळणी. तिचा क्रम सर्पमित्राने नातवाकडून पाठ करून घेतला.

आधी हात साबणाने धुवायचे. मग मऊ टोकाच्या आकड्याने पिल्लाच्या अंगाला मधोमध हलकेच स्पर्श करायचा. ही त्याला दिलेली सूचना, की आत्ता जेवण नाही, कुणीतरी उचलणार आहे. काही दिवसांत साप हा फरक ओळखतो. मग हात वरून नव्हे, बाजूने, हळू आणि न थांबता न्यायचा. घाबरून अर्ध्यात मागे घेतलेला हातच जास्त चावला जातो. सुरुवातीला पातळ चामड्याचे हातमोजे घातले तरी चालतात. त्यांचा उपयोग सापापेक्षा आपल्याला होतो, हात थरथरत नाही. उचलताना मान धरायची नाही. अंगाच्या मध्यभागाखाली एक हात, मागच्या भागाखाली दुसरा, आणि त्याला स्वतःहून सरकू द्यायचं. तो पुढे निघाला की हात पुढे ठेवायचा, शिडीच्या पायऱ्यांसारखा. पहिले दिवस पाचच मिनिटं, एक दिवसाआड. पिल्लू शांत असतानाच परत ठेवायचं. फुसकारल्याबरोबर ठेवून दिलं तर फुसकारणं फळाला येतं, हे ते शिकतं.

मानेचा 'एस' आकार झाला, श्वास जोरात चालू लागला, तर ती धमकी समजायची आणि हालचाल थांबवून थोडं थांबायचं. आणि चावलंच तर? हात ओढायचा नाही. सापाचे दात आत वळलेले असतात. ओढलं की आपली कातडी फाटते आणि त्याचे दात मोडतात. बहुधा ते लगेच सोडतं. धरून राहिलं तर गार पाण्याच्या धारेखाली धरलं की सोडतं. मग साबणपाण्याने जखम धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायची. साप हाताळल्यावरही हात धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात तर देऊच नये.

लातूर पॅटर्नच्या गावात वेळापत्रकाचं कौतुक नवीन नाही. नातवाने वहीत रकाने आखले: तारीख, खाल्लं की नाही, कात, किती मिनिटं हातात, फुसकारलं का. पहिल्या चार दिवसांच्या रकान्यात 'हो' लिहिलेलं आहे. सहाव्याला 'थोडं'. नवव्याला पहिल्यांदा 'नाही'. त्या दिवशी मुलगी दारात उभी होती. आत आली नाही, पण गेलीही नाही.

मी म्हटलं ना, शेजाऱ्यांना हे सगळं ऐकू जात होतं. एका रविवारी गल्लीतला एक तरुण धावत आला. "साहेब, आमच्या शेतात पण अजगराचं पिल्लू निघालंय. तुमचा नातू धरतो ना? चला की." मोबाईलवर फोटो होता. सर्पमित्र त्या वेळी योगायोगाने घरातच होता. त्याने फोटो पाहिला आणि त्याचा चेहराच बदलला. ती घोणस होती.

हा मजकूर ज्यांना अजगर कधीच पाळायचा नाही, त्यांनीही हा परिच्छेद नीट वाचावा. जाडजूड अंग, तपकिरी रंग आणि गडद ठिपके पाहून घोणसीला अजगराचं पिल्लू समजण्याची चूक आपल्याकडे नेहमी होते आणि ती जीव घेते. घोणसीच्या अंगावर साखळीसारख्या तीन ओळींत गोल-लांबट ठिपके असतात, डोकं त्रिकोणी, आणि कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार. अजगराच्या अंगावर नकाशासारखे वेडेवाकडे पट्टे आणि डोक्यावर बाणासारखी खूण असते. पण हे फरक घरी बसून वाचायला ठीक. शेतात, गवतात, घाईत ते ओळखायला जाऊ नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांमुळे आपल्याकडे सर्वाधिक माणसं दगावतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यातले बहुतेक खेड्यांतले. साप दिसला तर लांब राहायचं, त्याच्यावर नजर ठेवायची आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जाणत्या सर्पमित्राला फोन करायचा. दंश झाला तर मंत्र, चिरा, आवळपट्ट्या काही नाही. सरळ दवाखाना, कारण उतारा फक्त प्रतिसर्पविष हाच.

सर्पमित्र त्या तरुणाबरोबर गेला. घोणस पकडून, वनविभागाला कळवून, वस्तीपासून लांब सोडली गेली. जाताना त्याने नातवाला बरोबर नेलं नाही. "तुझं पिल्लू शांत झालं म्हणून तू सर्पमित्र झाला नाहीस," एवढंच म्हणाला. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काढले. पुढे त्यांच्याच पुढाकाराने १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. त्या बहात्तर तासांनी लोकांना दाखवलं ते एवढंच, की साप उगाच चावत नाही. पण ते दाखवण्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता. मुलांना पहिली गोष्ट सांगताना दुसरी सांगायला आपण विसरतो.

आणि हौसेने असा प्राणी आणू पाहणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका मादीने २०२० साली, साठी ओलांडल्यावर आणि अनेक वर्षं नराचा सहवास नसताना, सात अंडी घातली. म्हणजे ती बाई माझ्याच वयाची! मी नातवाला म्हटलं, "हे तीस वर्षांचं गृहकर्ज आहे बरं का. हप्ता एकही चुकवता येत नाही. तू कॉलेजला गेलास, नोकरीला गेलास, तरी." त्याने थोडा विचार केला आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, 'मी ४३ वर्षांचा.'

महिना संपत आला तेव्हा मी नांदेडला परत निघालो. निघायच्या आदल्या रात्री नातू म्हणाला, "आबा, तुम्ही एकदाही हातात घेतलं नाही." खरं होतं. सगळ्यांना शहाणपण सांगत होतो, पण पेटीत हात घातला नव्हता. हात धुतले. नातवाने आकड्याने पिल्लाला हलकेच स्पर्श केला. मी बाजूने हात नेला. पिल्लू गार असेल असं वाटलं होतं. ते कोमट होतं. मनगटावरून ते सावकाश सरकलं, मनगटाच्या हाडापाशी थांबलं, जीभ बाहेर काढून वास घेतला आणि पुढे निघालं. त्याचं वजन जेमतेम पावशेर असेल. मला तो ओढा आठवला आणि ते उभं चिरलेलं धूड. नातवाला ती गोष्ट त्या रात्री सांगितली. त्याने सगळी ऐकून घेतली. मग विचारलं, "त्या माणसाला शेळी मिळाली का परत?"

"मिळाली," मी म्हणालो. "क्लेम मंजूर झाला होता."

"मग बरं," तो म्हणाला. थोडा वेळ गप्प बसला. "पण बिल्ला मागायला नको होता, आबा."

परवा मुलीचा फोन आला होता. पिल्लू आता अडीच फुटांचं झालंय. पेटीची स्वच्छता ती करते. हातात मात्र अजून घेत नाही, आणि घ्यायलाच हवं असंही काही नाही. नातवाने खोलीच्या दारावर जाड अक्षरांत पाटी लावली आहे. कुणी पाहुणा आला, की त्याला आत जाण्याआधी ती वाचावी लागते:

'आधी हात धुवा. मग बसा. तेच येईल.'